चौथ्या दिवसाचं काय?

गेल्या श्रावणात एका सकाळी दवाखान्याचं शटर उघडायला गेलो, तर तात्या पायरीवर बसलेले. शेजारी धाकटा मुलगा, त्याच्या मांडीवर हॉस्पिटलची भली मोठी प्लॅस्टिकची पिशवी. आमच्या भागात ही पिशवी लांबूनच ओळखू येते. आत फाईल, ईसीजीच्या पट्ट्या, अँजिओग्राफीची सीडी (जी बघायला आता गावात कुणाकडे यंत्रच उरलेलं नाही) आणि तळाशी औषधांची पुडी.

"रविवारी पहाटे ॲटॅक आला, स्प्रिंग बसवली, काल दुपारी सोडलं," मुलानं सांगितलं.

तात्यांनी उजवा हात पुढे केला. मनगटावर किडा चावल्यासारखी एवढीशी खूण, भोवती थोडं निळसर. "एवढंच," ते म्हणाले. "टाका न्हाई, पट्टी न्हाई. पण रात्री आडवं झालं की धाप लागतीय, डॉक्टर. ती गोळी गरम पडतीय. काल संध्याकाळची घेतलीच न्हाई."

मी दचकलो. नाडी बघितली, बीपी घेतलं, छाती तपासली, ईसीजी काढला. फुप्फुसं स्वच्छ होती, ऑक्सिजन 97 होता, ईसीजीत नवं काही नव्हतं. मग डिस्चार्ज कार्ड वाचलं. स्टेंटमध्ये, म्हणजे त्या स्प्रिंगमध्ये, गुठळी होऊ नये म्हणून दिलेली टिकाग्रेलॉर 90, सकाळ-संध्याकाळ एक. या गोळीनं काही लोकांना धाप लागल्यासारखं होतं. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या मुख्य चाचणीतच ते नोंदलेलं आहे, साधारण सातातल्या एकाला. बहुतेकांना ते सौम्य असतं आणि काही दिवसांत ओसरतं. हे त्यांना आधी सांगितलं असतं तर तात्या घाबरले नसते, गोळी चुकली नसती. कार्डावर गोळीपुढे फक्त "1-0-1" लिहिलं होतं, तेही इंग्रजीत.

तालुक्याच्या गावी फॅमिली डॉक्टर म्हणून मी तेवीस वर्षं काम करतोय. हार्ट ॲटॅकचा रुग्ण शहरातून दहा-बारा दिवसांनी परत यायचा तो काळ मी पाहिलाय. मग पाच दिवस झाले, मग चार. आता तिसऱ्या दिवशी घरी, कधी कधी दुसऱ्याच दिवशी. या बदलाविषयी मला लिहायचं आहे, आणि आधीच सांगून टाकतो की मी त्याच्या विरोधात नाही.

विरोधात असण्यासारखं त्यात काही नाही, हे वैद्यकाच्या इतिहासानंच दाखवलंय. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हार्ट ॲटॅक म्हणजे चार ते सहा आठवडे अंथरुणात सक्तीनं पडून राहणं होतं. कूस बदलायची तर परिचारिका, घास भरवायचा तर परिचारिका. इजा झालेलं हृदय हलवलं तर फाटेल ही भीती. बोस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम हॉस्पिटलात सॅम्युएल लेव्हाइन आणि त्यांचे तरुण सहकारी बर्नार्ड लाउन यांनी रुग्णांना पहिल्या काही दिवसांतच खुर्चीत बसवायला सुरुवात केली, आणि 1952 मध्ये 81 रुग्णांचा अनुभव छापला. हृदय फाटण्याची भीती खरी ठरली नाही. उलट पडून राहिल्यानं पायात होणाऱ्या आणि तिथून फुप्फुसात जाणाऱ्या गुठळ्या टळल्या. तरीही 1955 च्या सप्टेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना डेन्व्हरमध्ये ॲटॅक आला तेव्हा ते हॉस्पिटलातून बाहेर पडले 11 नोव्हेंबरला, म्हणजे सात आठवड्यांनी. जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाला त्या वेळी मिळालेले उत्तम उपचार ते हेच.

आज तात्यांना जे मिळालं ते आयझेनहॉवरना मिळालं नव्हतं. हॉस्पिटलात पोहोचल्यावर बंद पडलेली रक्तवाहिनी तासाभरात उघडली गेली. नळी मांडीऐवजी मनगटातून घातल्यामुळे रक्तस्रावाचा धोका घटला आणि त्याच दिवशी चालता आलं. हृदयाचे ठोके बेफाम होऊन मृत्यू येण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो तो पहिल्या 24 ते 48 तासांत. तेवढे तास मॉनिटरवर नजर ठेवली की ती वेळ निघून जाते. त्यानंतर धडधाकट रुग्णाला आयसीयूत ठेवून मिळतं काय? झोपेचं खोबरं, हॉस्पिटलातल्या जंतूंची गाठ, आणि बाहेर पायऱ्यांवर चटई टाकून झोपलेल्या नातेवाइकांची बुडालेली मजुरी. शिवाय तो बेड अडला की पहाटे तीनला येणाऱ्या पुढच्या ॲटॅकच्या रुग्णाला जागा नाही. युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञ संघटनेनं 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत निवडक, कमी धोक्याच्या रुग्णांना 48 ते 72 तासांत घरी सोडण्याचा विचार करावा असं म्हटलंय. मात्र त्याच वाक्याला एक अट जोडलेली आहे: लवकर पुनर्वसन (म्हणजे व्यायाम आणि सल्ल्यानं माणसाला पुन्हा उभं करणं) आणि पुरेशा फॉलो-अपची व्यवस्था झालेली असली तरच.

आपण त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग उचलला.

दुसऱ्या अर्ध्याचं मोल काय असतं हे लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलातल्या बार्ट्स हार्ट सेंटरनं कोविडच्या काळात दाखवून दिलं. 2020 मध्ये बेड मोकळे ठेवणं भाग होतं, आणि हॉस्पिटलात राहणं हाच रुग्णाला धोका होता. त्यांनी ॲटॅकच्या तातडीच्या अँजिओप्लास्टीनंतर 48 तासांच्या आत घरी सोडण्याची पद्धत बसवली. तिच्यात घेतलेल्या 600 रुग्णांचा अहवाल पुढच्या वर्षी आला. निम्मे रुग्ण पंचवीस तासांच्या आतच घरी गेले होते. नंतरच्या काही महिन्यांत त्यांच्यातले दोघे दगावले, दोघेही कोविडनं. हृदयविकारानं एकही नाही.

हा आकडा आपल्याकडच्या परिषदांमध्ये पडद्यावर झळकतो. त्याच्यामागे काय होतं ते मात्र मागेच राहतं. कोणाला सोडायचं याची यादी काटेकोर होती: हृदयाची पंपिंग क्षमता 40 टक्के किंवा अधिक, रक्तवाहिनी पूर्ण मोकळी झालेली, ठोक्यांचा बिघाड नाही, हार्ट फेल्युअरची चिन्हं नाहीत, आणि घरची परिस्थिती घरी जाण्याजोगी आहे ना हेही पाहायचं. घरी गेल्यावर 48 तासांत हृदयविकाराच्या पुनर्वसनाचं प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकेचा फोन. मग दोन आठवड्यांनी, सहा आठवड्यांनी, आठ आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी पुन्हा संपर्क. म्हणजे रुग्ण हॉस्पिटलच्या खाटेवरून उठला होता, हॉस्पिटलच्या हातातून सुटला नव्हता. खाटेवरचे दोन-तीन दिवस वाचवून ते फोनवर आणि गोळ्यांवर खर्च केले गेले होते.

आपल्याकडे ते वाचलेले दिवस कुठे जातात?

सरकारी योजनेतल्या रुग्णाचं बघू. महाराष्ट्रातली जीवनदायी योजना 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि पुढे महात्मा जोतिराव फुले यांच्या नावानं राज्यभर चालू आहे. तिनं गोरगरिबांना अँजिओप्लास्टीचं दार उघडून दिलं, हे मी माझ्या दारात रोज बघतो. वीस वर्षांपूर्वी ज्यांना मी नाइलाजानं "गोळ्यांवरच भागवू" असं सांगितलं असतं, ती माणसं आज स्टेंट घालून शेतात उभी आहेत. 2017 च्या फेब्रुवारीत केंद्रानं औषधी (म्हणजे औषधाचा लेप असलेल्या) स्टेंटची कमाल किंमत 29,600 रुपयांवर आणली, त्याचाही वाटा आहे. पण योजनेत उपचाराचं पॅकेज ठरलेलं असतं. रुग्ण दोन दिवस राहिला काय आणि पाच दिवस राहिला काय, हॉस्पिटलला रक्कम तेवढीच. तिथे लवकर सोडण्याकडे ओढा असणार हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. त्याच हॉस्पिटलात रोख पैसे भरणारा किंवा विमा असलेला, अगदी तशाच ॲटॅकचा रुग्ण असेल तर आयसीयूचे दिवस बिलात मोजले जातात, आणि तिथे ओढा उलट दिशेनं असतो. एकाच आठवड्यात माझ्याकडे दोन रुग्ण आले होते. योजनेतला तिसऱ्या दिवशी सुटलेला, त्याचं हृदय कमजोर. दुसरा कारखान्यात नोकरीला, ॲटॅक लहान, हृदयाचं काम उत्तम, तो सहा दिवस ठेवलेला. दोघांच्याही फाईली टेबलावर शेजारी शेजारी ठेवून मी बराच वेळ बघत बसलो. त्या दोघांच्या दिवसांची अदलाबदल झाली असती तर वैद्यकशास्त्राशी जास्त जुळली असती.

कुणी वाईट आहे म्हणून हे होतं असं मला म्हणायचं नाही. रात्रभर कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टीच्या खोलीत, उभं राहून तात्यांची वाहिनी उघडणाऱ्या तरुण डॉक्टरबद्दल मला आदरच आहे. त्यानं त्यांचा जीव वाचवला. पण डिस्चार्जचा दिवस हृदयानं ठरवायचा की बिलानं, हा प्रश्न त्याच्या एकट्याच्या खांद्यावर टाकता येणार नाही. तो आपण सगळ्यांनी मिळून सोडवायचा प्रश्न आहे.

आणि हृदयानं ठरवायचं तर त्यासाठी साधन आहे. नेदरलँड्समधल्या झ्वोला शहरातल्या डॉक्टरांनी 2004 मध्ये एक गुणांकन प्रसिद्ध केलं. ते कागदाच्या तुकड्यावर होतं, यंत्र लागत नाही. वय साठ किंवा जास्त असेल तर दोन गुण. हृदयाच्या पुढच्या भिंतीचा ॲटॅक असेल तर एक. तिन्ही वाहिन्या खराब असतील तर एक. छातीत दुखायला लागल्यापासून वाहिनी उघडेपर्यंत चार तासांहून जास्त गेले असतील तर एक. उघडल्यावरही रक्तप्रवाह मंद असेल तर एक किंवा दोन, आणि फुप्फुसात पाणी साचायला लागलं असेल तर त्याचे मोठे गुण, चारपासून नऊपर्यंत. बेरीज तीन किंवा त्याहून कमी असेल तर धोका कमी, लवकर घरी जायला हरकत नाही.

त्या सकाळी तात्यांना चहा मागवला आणि मी त्यांच्या फाईलवर पेन्सिलनं बेरीज केली. वय 62, दोन गुण. पुढच्या भिंतीचा ॲटॅक, एक. पहाटे दोनला दुखायला लागलं, घरच्यांना वाटलं पित्त आहे, सोडा दिला, ओव्याची पूड दिली, चारला शेजाऱ्याची गाडी शोधायला मुलगा बाहेर पडला, वाहिनी उघडली सातनंतर. पाच तास, आणखी एक. बाकी सगळं चांगलं होतं. एकूण चार. तात्या त्या रेषेच्या पलीकडे होते. एक-दोन दिवस जास्त ठेवले असते तर ठीक झालं असतं, किंवा कदाचित काही फरकही पडला नसता. पण फाईलमध्ये ही बेरीज कुणी केल्याची खूण नव्हती.

हा वेळेचा गुण आपल्या देशासाठी फार महत्त्वाचा आहे. 2008 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या 'क्रिएट' या ॲटॅकच्या रुग्णांच्या नोंदवहीत भारतातल्या 89 हॉस्पिटलांतले वीस हजारांहून जास्त रुग्ण होते. मोठ्या ॲटॅकच्या निम्म्या रुग्णांना हॉस्पिटलच्या दारात पोहोचायलाच 360 मिनिटं किंवा त्याहून जास्त लागली होती. सहा तास. त्यानंतरच्या काळात चित्र थोडं सुधारलंय. राज्यात 108 ची रुग्णवाहिका 2014 पासून धावते आहे. पण आमच्या वाड्या-वस्त्यांवर अजूनही पहिले दोन तास पित्तात आणि पुढचे दोन गाडी शोधण्यात जातात. जेवढा उशीर, तेवढा स्नायू जास्त मेलेला. मेलेला स्नायू पहिल्या आठवड्यात मऊ पडतो, आणि क्वचित का होईना, पडदा फाटणं, झडपेचा दोर तुटणं या भयंकर गोष्टी बहुतेकदा त्याच दिवसांत होतात. लंडनमध्ये वेळेत पोहोचलेल्या रुग्णाला जो दिवस लागू पडतो, तो सहा तास उशिरा आलेल्या रुग्णाला डोळे झाकून लावता येणार नाही. दिवसांचा आकडा उसना आणायचा, तर तो ज्या रुग्णांवर बसवला होता त्यांचं वर्णनही सोबत आणायला हवं.

त्याच 'क्रिएट' नोंदवहीतली एक गोष्ट मला कधी विसरता आली नाही. तीस दिवसांत गरीब रुग्णांपैकी 8.2 टक्के मरण पावले, श्रीमंतांपैकी 5.5 टक्के. अभ्यासकांनी मिळालेल्या उपचारांतला फरक हिशेबात धरला, तेव्हा मृत्यूंमधला हा फरक नाहीसा झाला. म्हणजे गरिबाचं हृदय वेगळं नव्हतं; त्याच्या हातात पडलेल्या गोळ्या आणि उपचार कमी होते.

गोळ्यांवर यायचंच होतं. स्टेंट बसवल्यावर पहिल्या महिन्यात रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन प्रकारच्या गोळ्या (एक ॲस्पिरिन, दुसरी टिकाग्रेलॉर किंवा क्लोपिडोग्रेलसारखी) चुकल्या, तर स्टेंटच्या आतच गुठळी धरू शकते, आणि तो दुसरा ॲटॅक पहिल्याहून घातक असतो. अमेरिकेतल्या 19 केंद्रांमधल्या 500 रुग्णांचा 2006 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. ॲटॅकनंतर औषधी स्टेंट बसवलेल्या या लोकांपैकी 68 जणांनी महिना पुरा व्हायच्या आत ती दुसरी गोळी बंद केली होती. पुढच्या अकरा महिन्यांत गोळी बंद करणाऱ्यांतले 7.5 टक्के मरण पावले, चालू ठेवणाऱ्यांतले 0.7 टक्के. दहापट फरक. ज्या देशात फोन करणारी परिचारिका आहे, दुकानात दुकानदार समजावून सांगतो, त्या देशात सातातला एक गोळी सोडतो. मग "1-0-1" एवढ्यावर घरी आलेल्या माणसाचं काय होत असेल?

काय होतं ते मी सांगतो. घरी आल्या दिवशी भावकी येते. आमच्याकडे भेटायला न जाणं हा गुन्हा, त्यामुळे दिवसभर सतरंजी पसरलेली, चहाचं आधण चुलीवरून उतरत नाही, आणि प्रत्येक पाहुण्याजवळ एक सल्ला. "माझ्या मेव्हण्याला पण दोन स्प्रिंगा बसवल्यात, त्यानं सहा महिन्यांत सगळं बंद केलं." "ह्या गोळ्यांनी किडनी जाते." "लसूण खा उपाशीपोटी." रुग्ण मधोमध बसलेला, थकलेला, आणि मनगटावरची ती एवढीशी खूण बघून स्वतःही मनात म्हणतोय की एवढं काही झालेलं नाही. पूर्वी बायपासची छातीभर शिवण असायची. ती शिवणच माणसाला सहा महिने जपायला लावायची. आता आजार तेवढाच मोठा आणि खूण एवढी लहान. लवकर घरी सोडणं हीच त्याला आणखी एक खात्री वाटते: मोठं काही असतं तर सोडलं असतं का?

दहाव्या दिवशी गोळ्यांची पुडी संपते. मेडिकलवाल्याकडे ती नेमकी कंपनी नसते. तो चांगल्या मनानं दुसरी देतो, किंवा दोन्हीपैकी एकच देतो कारण दुसरी संपलेली असते. हिरड्यांतून थोडं रक्त दिसलं की बायको घाबरून गोळी बंद करते. दात काढायचा असेल तर दातांचा डॉक्टर पाच दिवस बंद ठेवायला सांगतो, स्टेंट तीन आठवड्यांपूर्वीचा आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. यातल्या प्रत्येक वळणावर एक फोन, एक कागद, एक माणूस पुरला असता.

शहरातले काही स्नेही म्हणतात, या लोकांना फोन करून उपयोग नाही, ते ऐकत नाहीत, बोलावलं तरी येत नाहीत. हे म्हणणं मला दुखावतं, कारण ते खरं नाही. बंगळुरूच्या सेंट जॉन्सच्या संशोधकांनी देशातल्या 14 हॉस्पिटलांतल्या सुमारे आठशे ॲटॅकच्या रुग्णांवर एक चाचणी केली आणि 2016 मध्ये ती प्रसिद्ध झाली. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी रुग्णांना घरी जाऊन भेटायचं, गोळ्या का घ्यायच्या ते समजावायचं, तंबाखू-विडी सोडायला मागे लागायचं. वर्षाअखेर या रुग्णांचं गोळ्या घेण्याचं प्रमाण जास्त होतं, बीपी जास्त आटोक्यात होतं, विडी-सिगारेट सोडणारे जास्त होते. आपल्याच मातीतली, आपल्याच माणसांवरची चाचणी आहे ही. आणि असे कार्यकर्ते आपल्याकडे गावोगाव आहेत. आशाताई गरोदर बाईच्या दारात तारीख लक्षात ठेवून जातात. ॲटॅक येऊन गेलेल्या माणसाच्या दारात पहिल्या महिन्यात चार वेळा जायला त्यांना शिकवणं आणि त्याचा मोबदला देणं, ही काही आकाशातून चांदणं आणण्याची गोष्ट नाही. मोबदला मात्र द्यायलाच हवा. प्रत्येक नवं काम आशाताईंच्या पदरात फुकट टाकायची सवय सोडली पाहिजे.

योजनेत सहभागी असलेल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेले असतात. रेशनकार्ड तपासायचं, कागद अपलोड करायचे, मंजुरी आणायची, ही त्यांची कामं. डिस्चार्जनंतर 48 तासांनी रुग्णाला फोन करून पाच प्रश्न विचारायचे, हे त्यांच्या कामात का नसावं? दोन्ही गोळ्या घेतल्या का, घरात किती दिवसांच्या शिल्लक आहेत, धाप लागते का, चक्कर येते का, पायावर सूज आहे का. उत्तर चिंताजनक वाटलं तर ते डॉक्टरांना कळवायचं. फोन केल्याची नोंद पोर्टलवर, आणि पॅकेजच्या रकमेचा शेवटचा हिस्सा त्या नोंदीनंतरच. हॉस्पिटलांना हे कटकटीचं वाटेल. पण बेड दोन दिवस आधी मोकळा झाल्यानं हॉस्पिटलचं जे वाचतं, त्यातला थोडा हिस्सा रुग्णामागे घरापर्यंत जावा एवढंच मागणं आहे.

गोळ्यांचंही तसंच. केंद्राच्या आयुष्मान योजनेत डिस्चार्जनंतरच्या 15 दिवसांच्या औषधांची तरतूद आहे. ॲटॅकच्या रुग्णाला ती 30 दिवसांची करा, आणि निघताना हातात द्या. चिठ्ठी देऊ नका, गोळ्याच द्या. टिकाग्रेलॉरचं पेटंट आपल्याकडे 2019 मध्ये संपलं, अनेक कंपन्या ती बनवतात, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल तर कधीच स्वस्त झाल्या. हजारो रुपयांचा स्टेंट आत बसवायचा आणि तो उघडा ठेवणारी गोळी दहाव्या दिवशी माणसाच्या नशिबावर सोडायची, हे मला आकलनच होत नाही.

आणि तो कागद मराठीत असू द्या. डिस्चार्ज कार्ड डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिलेलं असतं, ते तसंच राहू दे. त्याच्या जोडीला एक पान, मोठ्या अक्षरात. तुमच्या हृदयाची पुढची भिंत दुखावली आहे. ही गोळी सकाळी आठला आणि रात्री आठला. या गोळीनं थोडी धाप लागू शकते, घाबरू नका, बंद करू नका, या नंबरवर विचारा. छातीत पुन्हा दुखलं तर गाडी शोधू नका, 108 लावा. चालायला उद्यापासून घरातल्या घरात, मग ओट्यावर, मग रस्त्यानं. औषध फवारणीचा पंप पाठीवर घ्यायचा नाही, कधीपासून घ्यायचा ते आम्ही सांगू. खाली एक नंबर, जो उचलला जातो. तात्यांच्या कार्डावरचा नंबर स्वागतकक्षाचा होता. मी चार वेळा लावला तेव्हा कुठे त्या तरुण डॉक्टरशी बोलणं झालं. तो फार चांगलं बोलला. त्यानं लगेच सांगितलं की धाप त्या गोळीचीच दिसते, आठवडाभर धीर धरू द्या, एकही डोस चुकवू नका, नाहीच सोसलं तर क्लोपिडोग्रेलवर कसं वळवायचं ते मी सांगतो. दोन मिनिटांचं बोलणं. ते तात्या पायरीवर यायच्या आधी व्हायला हवं होतं.

मला, म्हणजे त्यांच्या गावातल्या डॉक्टरला, तो रुग्ण परत आलाय हे कुणीही कळवत नाही, यात बदल झाला तर निम्मं काम होईल. हॉस्पिटल समजतं की रुग्ण आता गावच्या डॉक्टरकडे जाईल. गावचा डॉक्टर समजतो की हॉस्पिटल बघतंय. रुग्ण समजतो की आता कुणी बघायची गरज नाही. तिघांच्या समजुतीत चौथा दिवस कोरडा जातो, मग पाचवा, मग पंधरावा. लवकर सोडणाऱ्या हॉस्पिटलानं त्याच दिवशी रुग्णाच्या गावच्या डॉक्टरला, किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला, व्हॉट्सॲपवर कार्डाचा फोटो आणि एक ओळ पाठवावी. ज्यांनी पाठवायला सुरुवात केली आहे अशी दोन हॉस्पिटलं माझ्या ओळखीची आहेत. त्यांचा रुग्ण आला की मला आधीच माहीत असतं काय विचारायचं.

ज्या दिवशी घरी न्यायला मोटार नाही, घरात करणारं कुणी नाही, म्हातारी एकटी वस्तीवर राहते, त्या दिवशी तिला सोडू नये, हेही नियमात यावं. लंडनच्या यादीत घरची परिस्थिती होती, मग आमच्या यादीत का नको? अशा रुग्णाचा एक जादा दिवस म्हणजे बेड अडवणं नाही. तो तिच्या उपचाराचाच भाग आहे.

या सगळ्याला महिने, वर्षं लागतील. तोवर मी एक वही केली आहे. शंभर पानी, शाळेची. गावात किंवा पंचक्रोशीत कुणाला ॲटॅक येऊन गेला, स्टेंट बसला असं कानावर आलं की नाव, तारीख आणि फोन नंबर लिहितो, आणि घरी आल्यापासून दुसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि महिन्यानं फोन करतो. सगळ्यांना जमतं असं नाही. दवाखान्यात गर्दी असली की राहून जातं.

तात्यांना सातव्या दिवशीचा फोन रात्री नऊला केला. काकूंनी उचलला. धाप आता लागत नाही म्हणाल्या, दोन्ही वेळा ओट्यावर चालतात म्हणाल्या, आज जावई आले होते म्हणून जेवायला उशीर झाला म्हणाल्या.

"आणि संध्याकाळची गोळी?" मी विचारलं.

"घेतली असतील की," काकू म्हणाल्या. मग थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. स्टीलच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला, पाठोपाठ पाकीट उलटसुलट केल्याचा. "थांबा हं, डॉक्टर," त्या म्हणाल्या, आणि फोन बाजूला ठेवून त्यांनी तात्यांना हाक मारली.